फळीवरचं नाव

"मिस्त्री कुठाय?" वाघोलीच्या वखारवाल्यानेही हेच विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. सकाळी टिंबर मार्केटमध्ये हेच ऐकून आम्ही परत फिरलो होतो.

माझ्या लेकीने, आम्रपालीने, दोन वर्षांपूर्वी खराडीच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि ती सुतारकाम शिकली. तेव्हा मी महिनाभर तिच्याशी धड बोललो नव्हतो. आता येरवड्यातल्या आमच्या विहाराच्या वाचनालयासाठी बारा जणांचं टेबल करायचं काम तिला मिळालं होतं, पहिलंच मोठं. रविवारपर्यंत चांगलं सागवान मिळालं नाही तर काम दुसऱ्याला द्यायचं, असं कमिटीतल्या शहाण्यांनी ठरवलं होतं. आज शनिवार.

मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. मला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. तरी वखारवाले बोलायचे माझ्याशीच. लाकूड मिस्त्रीने निवडायचं, निवडलेल्या फळ्यांवर खडूने त्याचं नाव घालायचं, ही त्यांची रीत. बाईमाणसाला दाराजवळच्या दोन फळ्या दाखवायच्या आणि म्हणायचं, "मिस्त्रीला पाठवा, मॅडम."

म्हणून लोणी काळभोरच्या सॉ मिलवर मी शहाणपणा केला. मालक गेनबांनी विचारलं, "मिस्त्री कुठं हाय?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "मीच की!"

आम्रपालीने मागून माझ्या सदऱ्याची बाही ओढली.

गेनबांनी चहा सांगितला आणि लालसर, गुळगुळीत फळ्यांची थप्पी दाखवली. मी एका फळीवर टिचकी मारली, जाणत्यासारखी मान डोलावली आणि म्हणालो, "झकास. ह्याच द्या."

"बाबा, ओल्या आहेत," आम्रपाली हळूच म्हणाली. "दोन महिन्यांत पीळ धरून वाकतील."

गेनबा माझ्याकडे बघतच राहिले. पोरीचं काम मीच घालवलं, असं वाटलं.

ती मात्र सरळ मागच्या शेडमध्ये गेली. धूळ खात पडलेल्या थप्पीतली सगळ्यात खालची फळी तिने ओढून काढली. एक डोळा मिटून ती सरळ आहे का ते पाहिलं, टोकाची चीर नखाने तपासली. मग पिशवीतला छोटा रंधा काढून कोपऱ्यावर एकदाच फिरवला. कांद्याच्या सालीएवढी पातळ पट्टी गुंडाळत बाहेर आली आणि खाली मधाच्या रंगाचं लाकूड दिसलं. मला लाकडातलं काही कळत नाही, पण तो हात सराईत होता हे मलाही कळलं.

सात फळ्या तिने बाजूला सारल्या, नऊ घेतल्या.

"चार वर्सं वाळलंय त्ये," गेनबा म्हणाले. "आजवर कुनी खालचं काढून बगितलं न्हाई." आणि सवयीने त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. "घाला नाव, मिस्त्री."

पोस्टात तीस वर्षं मी लोकांची नावं नुसती वाचली. आज नऊच्या नऊ फळ्यांवर ठसठशीत अक्षरात एकच नाव लिहिलं: आम्रपाली मिस्त्री.

गेनबांनी ते वाचलं. "आन् मग तुमी कोन?"

"मी यांचा हमाल," म्हणालो आणि पहिली फळी खांद्यावर घेतली.