दगडावरची तारीख

हैबतरावांनी डब्यातले पाणी दगडावर ओतले आणि तळव्याने भुकटी बाजूला सारली. ओल्या काळ्या दगडावर अक्षरे उठून दिसली. वरच्या दोन ओळी हिब्रू, खालच्या मराठी.

“वाचून घ्या बाय. वरचं मला कळत नाय. कागदावर होतं तसं उतरवलं.”

शीरा दगडाशी उकिडवी बसली. प्रार्थनालयातल्या हजानसाहेबांनी लिहून दिलेला कागद मांडीवर धरून तिने उजवीकडून डावीकडे बोट फिरवत एकेक अक्षर ताडून पाहिले. चूक नव्हती. मग मराठी: हासाजी एलियाह अष्टमकर, राहणार रोहे. मृत्यू ९ फेब्रुवारी १९९९. त्याखालची ओळ मात्र कोरलेली नव्हती. ती नुसती खडूने लिहून ठेवली होती, आणि पाणी तिच्यापर्यंत उतरू नये म्हणून हैबतरावांनी मध्ये फडके लावले होते.

प्रशिक्षक, भारतीय रग्बी संघ. १७ ऑक्टोबर १९९८.

“ही राहिली?”

“ठेवली.” हैबतरावांनी छिन्नी पोत्यावर पुसली. “परवा गडब गावचा एकजण आलता, मारुतीच्या देवळाची पायरी सांगायला. हा दगड बघितला नि उभाच राह्यला. बोलला, ही ओळ कोरू नको, मी आधी बायशी बोलतो. मी बोललो, रविवारी येतील त्या. आज अकराच्या यष्टीनं येतोय.”

“नाव काय सांगितलं?”

“दिनानाथ. मुंबईला पोलिसात हाय बघा तो. हा एवढा.” त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले.

शीराने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“दगड मी सांगितला. तो कोण थांबवणार?”

“तसं नाय. पण एकदा छिन्नी लागली की मग तुमी दोघं भांडाल आणि मधी मी सापडेन. ओळ काय, अर्ध्या दिवसाचं काम.”

पुढच्या रविवारी दगड टेंपोने रोह्याला न्यायचा होता. वर्ष भरायच्या आत तो बसायला हवा होता, आणि बसवताना प्रार्थनेला दहा पुरुष हवे होते. ते दहा जमवायला तिला महिना लागला होता. पेणचे तीन, अलिबागकडचे चार, ठाण्याचे दोन, आणि रोह्यात उरलेले एक म्हातारे, ज्यांना कुणीतरी धरून आणावे लागणार होते. भाऊ एझ्रा इस्राएलात लोदला. फोनवर त्याने दगडावर काय लिहितेस एवढेच विचारले. तिने ओळ वाचून दाखवली. “छान आहे,” तो म्हणाला होता. फोनचे मीटर पळत होते.

तारीख घालायची हे तिनेच ठरवले होते. बाबा मुंबईत पोलिसांना कवायत शिकवायचे. तिथेच तरुणपणी ते रग्बीच्या नादी लागले. तो लंबगोल चेंडू, ती ढकलाढकली, चिखलात लोळलेली माणसे, यातले घरात कुणाला काही कळत नव्हते. निवृत्त होऊन रोह्याला परतल्यावरही शिबिर लागले की ते बॅग उचलून जात. नऊ वर्षे त्यांनी देशाचा संघ बांधला. पोलीस, जवान, क्लबातली पोरे, एकमेकांची भाषा न कळणारी. शेवटी बँकॉकला कसोटी सामना ठरला. निघायच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांत प्रशिक्षक म्हणून बाबांचे नाव होते. सामन्यानंतर पुन्हा चार ओळी आल्या, त्यांत दिनानाथचे होते.

ते दुसरे कात्रण तिने पीठ चाळायच्या चाळणीखाली लपवले होते. बाबा परत आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, “पेपर कुठाय तो? दाखव.” तिने दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. “नाव बरोबर छापलंय,” म्हणाले आणि चहा मागितला. पुढे तो विषय त्यांनी काढला नाही, तिनेही काढला नाही. नंतर ते एकाही शिबिराला गेले नाहीत. चार महिन्यांनी दुपारी झोपले ते उठले नाहीत.

परदेशात, सामन्याच्या तोंडावर, त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाला त्यांच्या जागी बसवले, हे तिला कुणी सांगितले नव्हते. सांगायची गरज नव्हती. दफनाच्या दिवशी दिनानाथ आला होता. डोक्याला रुमाल बांधून तो कबरस्तानाच्या गडग्याबाहेर, दगडी कुंपणापलीकडे, उभा होता. ती त्याच्या समोरून गेली होती, मान न वळवता.

सव्वाअकराला तो आला. दारातून आत येताना त्याला खांदे थोडे तिरपे करावे लागले. डावा कान चुरगळून कानशिलाला चिकटल्यासारखा झाला होता. त्याने चपला बाहेर काढल्या, दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि उभा राहिला.

“शीराताय.”

“बोला.”

“ही तारीख नका घालू.”

“का? तुमच्या नावावर आहे म्हणून?”

“माझ्याच नावावर हाय. पेपरात हाय, संघटनेच्या कागदावर हाय.” तो शांतपणे म्हणाला. “तुमी उस्तादांचं नाव घाला, प्रशिक्षक घाला, आणखी काय घालायचं ते घाला. मी भांडाया नाय आलो. फक्त तारीख काढा.”

“तारीख काढली तर राहिलं काय? नऊ वर्षं त्यांनी घातली ती त्या एका दिवसासाठी. तो दिवस तुम्हाला मिळाला. आता दगडावरचाही नको?”

हैबतरावांनी पाट्याला टाकी लावायला घेतली होती. त्यांचा हातोडा जरा मंदावला.

“बस रे बाबा,” ते दिनानाथला म्हणाले. “उभा राह्यलास तर उजेड अडतो.”

दिनानाथ पोत्यावर बसला. बसल्यावरही तो शीराच्या डोक्याएवढा येत होता. त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

“सतरा ऑक्टोबरला वार कुठला होता, बघितलंत?”

शीरा पेणच्या वाचनालयात नोकरीला होती. रोज शंभर पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारत होती. सतरा ऑक्टोबर ही तारीख गेले वर्षभर तिच्या डोक्यात होती, पण तिने त्या तारखेला वार कधी लावून पाहिला नव्हता. तिने बोटांवर मोजले. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजले.

“शनिवार,” ती म्हणाली.

“रग्बीची कसोटी शनवारीच असते, ताय. जगात सगळीकडं.”

हैबतरावांनी हातोडा खाली ठेवला. “शनवार तेली,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. खाडीकाठची जुनी माणसे तिच्या समाजाला अजून हेच म्हणत, शनिवार देवाच्या विसाव्याचा म्हणून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे तेली. घाणे बंद पडून साठ वर्षे झाली होती.

“त्यांना काढलं नव्हतं?” शीराने विचारले.

“कोण काढतोय उस्तादांना! तारीख ठरली तवाच त्यांनी मला बोलावून सांगितलं, त्या दिशी तू बघायचं. मला वाटलं, गंमत करतायत. बँकॉकला गेल्यावर कळलं. सकाळी संघाच्या कागदावर सही करायची असते. उस्ताद बोलले, मी आज लिहीत नाय. तू कर. मी मैदानावर येत नाय.”

“आले नाहीत?”

“खोलीत बसून होते. दिवसभर.”

शीरा उठली. दाराशी गेली, बाहेरच्या पिंपातून तांब्याभर पाणी घेऊन प्याली. परत आली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, पण कोरडा झाला होता.

“हे मला पटत नाही, दिनानाथ. तुम्ही खोटं सांगताय असं नाही. पण मी त्यांची मुलगी आहे. नोकरीत असताना ते शनिवारी परेड घ्यायचे.”

“मीबी तेच बोललो त्यांना! बोललो, उस्ताद, माझ्या पायाला फोड आले तो शनवारच होता, तवा कुठं गेलता तुमचा देव?” तो हसला, आणि हसताना त्याचा तो कान हलला. “तर बोलले, ती सरकारची चाकरी. पोटासाठी. ही माझी हौस हाय. हौसेसाठी शनवार मोडला तर मग पाळला कधी?”

शीरा पुन्हा दगडाशी येऊन बसली.

“आणि आम्हाला रोह्याला शनिवारी सिनेमाला न्यायचे, ते?”

“ते पण बोलले होते. घरी सांगू नको बोलले. शीरा इचारेल, मग आमाला शनवारी सिनेमाला कसे न्यायचात. त्याला माझ्याकडं जबाब नाय.”

शीराच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज आला. तिने तो पदराने पुसल्यासारखा पुसला.

“मग नंतर का नाही गेले? शिबिरांना?”

दिनानाथने गुडघ्यांवरचे हात उचलले आणि कुठे ठेवावे ते न कळल्यासारखे पुन्हा तिथेच ठेवले.

“संघटनावाले बोलले, पुढल्या कसोट्यापण शनवारीच. सहा दिवसांचा प्रशिक्षक कसा चालंल? उस्ताद बोलले, मग दिनानाथला ठेवा. माझ्यासमोर बोलले. मी एकदा तरी नाय म्हणायला पायजे होतं, ताय. साधं तोंडदेखलं. तेबी केलं नाय. गप उभा राह्यलो. मला पायजेच होतं ते.” तो थांबला. “म्हणून त्या दिशी गडग्याच्या आत नाय आलो.”

हैबतराव उठून चहा सांगायला गेले. त्यांना तहान लागली नव्हती हे दोघांनाही कळले.

शीरा खडूच्या ओळीकडे बघत राहिली. पुढच्या रविवारी दहा माणसे या दगडासमोर उभी राहणार होती. त्यातला एकजण तरी तारीख वाचून मनात वार लावणार. अलिबागकडचे ते चौघे तर नक्कीच. हासाजीने शनिवारी मैदान मारले, असे म्हणतील. आणि ते म्हणायला तिने स्वतःच खडू हातात दिला असता. पण ओळ नुसतीच ठेवली, तारखेशिवाय, तर ते नऊ वर्षांचे काम कुणा क्लबातल्या हौशी म्हाताऱ्याचे वाटले असते. हेही तिला सोसणार नव्हते.

“सामन्यात तुम्ही काय सांगितलंत त्यांना?” तिने विचारले. “खेळाडूंना?”

“मी? काय नाय.”

“म्हणजे?”

“सगळं आदल्या दिशी सांगून झालं होतं. शुक्रवारी चार वाजता उस्तादांनी सगळ्यांना खोलीत घेतलं. पंधरा माणसं, एक खाट. चादरीवर बाटल्यांची बुचं मांडली. हा तू, हा तू. एकेकाला समोर बसवून सांगितलं. तुझा खांदा कुठं, तुझी नजर कुठं, चेंडू पडला तर कुणाच्या मागं धावायचं. मधी मधी खिडकीकडं बघत होते. मला वाटलं, पावसाचं बघतायत. तेरा नंबरचं सांगून झालं नि ऊन गेलं समोरच्या भिंतीवरनं. तिथंच थांबले. शुक्रवारी ऊन उतरलं की त्यांचा शनवार लागतो, ते मला मागनं कळलं. बुचं तशीच राह्यली चादरीवर. बोलले, चौदा आणि पंधरा, तुमचं तुमी बघा.”

“आणि?”

“अडतीस-पाच हरलो. एकच ट्राय झाली आमची, तिचेच ते पाच.” त्याने मान खाली घातली, पण ओठ आवरले नाहीत. “चौदा नंबरनं केली.”

“बाबांना सांगितलंत?”

“काळोख पडल्यावर गेलो. स्कोर सांगितला. बोलले, पाच कुणाचे? मी बोललो, चौदाचे. लई हसले, ताय. खाटेवर बसून, डोळ्यातनं पाणी येईस्तवर. बोलले, बघ, बाकीच्या तेरांचं मीच बिघडवलं.”

असे हसणारे बाबा शीराला आठवत होते, पण फार मागचे. रोह्याला पेपर वाचून चहा मागणारा माणूस त्या हसण्याला दोन दिवसही झालेले नसताना घरी आला होता, आणि ती दोन दिवस त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावे तसे बोलली होती.

हैबतराव परतले. मागोमाग चहावाला तीन पेले ठेवून गेला. दिनानाथने आपला पेला उचलला नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, निकालाची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

“घ्या, निवेल,” ती म्हणाली. “आणि पुढच्या रविवारी गडग्याच्या आत या. दगड उचलायला माणसं लागतीलच. त्या दहांपैकी सहा सत्तरीचे आहेत.”

त्याने मान हलवली. पेला त्याच्या हातात अगदी लहान दिसत होता.

शीराने दगडावरचे ओले फडके उचलले, त्याचे टोक बोटाला गुंडाळले आणि ओळीच्या शेवटाकडे सरकली. तिने फक्त एक आकडा पुसला. हैबतरावांकडून खडू मागून घेतला आणि त्या जागी दुसरा लिहिला. जरा मागे होऊन पाहिले. आकडा इतरांपेक्षा किंचित मोठा झाला होता. तो पुसून तिने पुन्हा लिहिला.

हैबतरावांनी वाकून वाचले. “सोळा?”

“सोळा.”

“पण बाय, सोळाला मॅच नव्हती ना? हा आत्ता काय सांगत होता?”

“नव्हती.”

“मग सोळाला काय होतं?”

दिनानाथ पेल्यात बघत होता.

“शुक्रवार होता,” शीरा म्हणाली. “आता कोरा ओळ.”