ओल्या गोणीचा कबुलीजबाब

मित्रांनो, मी एक जुनी गोणी आहे. बाजारात पालेभाजीच्या ढिगावर ओलं, तपकिरी, कडेने उसवलेलं पांघरूण तुम्ही पाहिलं असेल. पाहिलं नसेल तरी हरकत नाही. भाजी घेताना माझ्याकडे कोणी पाहत नाही.

माझा जन्म तागाच्या गिरणीत झाला. पहिलं वर्ष साखर वाहण्यात गेलं. त्या काळात मुंग्यांनी मला फार मान दिला. साखर संपल्यावर पालेभाजी पिकवून विकणाऱ्या एका सासू-सुनेच्या घरातल्या सासूबाईंनी मला विकत घेतलं, माझी शिवण उसवली, मला बुचकळून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही पाणी चांगलं धरते." माझं इतकं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. मी त्या घरची झाले.

कामाची रीत ठरलेली. दुपार टळली की पालक, मेथी, कोथिंबीर काढायची, जुड्या बांधायच्या आणि टोपलीत दाबून दाबून भरायच्या. मग सासूबाई मला पिंपात बुडवून थबथबती तशीच वर टाकत. "भाजीला तहान लागते," असं त्यांचं म्हणणं. सकाळी तासभर टेम्पोचे हादरे खात बाजार गाठायचा. तिथे मला बाजूला केलं की वरच्या जुड्या अशा टवटवीत दिसत, की गिऱ्हाईक विचारी, "मावशी, आत्ताच काढली का?" सासूबाई माझ्याकडे बोट दाखवत. मी चार थेंब गाळून आभार मानत असे.

तळच्या जुड्यांविषयी मात्र कोणी बोलत नसे. शंभरातल्या वीस-पंचवीस काळ्या, चिकट निघत आणि शेळीपुढे जात. शेळी गुबगुबीत होत चालली होती, आणि घरात हीसुद्धा प्रगतीच मानली जाई. नुकसानीचं खापर कधी टेम्पोवाल्यावर फुटे, कधी उन्हावर, कधी बियाण्यावर, एकदा तर शेजारच्या कांदेवाल्याच्या बिडीच्या धुरावर. माझ्यावर कधीच नाही. मीही तो विषय काढला नाही.

मग वसतिगृहाचा आचारी आला. परीक्षा संपेपर्यंत रोज साठ जुड्या हव्यात म्हणाला. ही बांधलेली गिऱ्हाइकी टिकली तर सूनबाईचं दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाणं सुटणार होतं. पहिल्या दिवशी सोळा जुड्या चिकट निघाल्या, दुसऱ्या दिवशी एकोणीस. आचारी रागावला नाही. त्याने एक जुडी उचलली. देठ हातात आले, पाला टोपलीतच राहिला. तो सूनबाईला म्हणाला,

"ताई, पोरं विचारतात, ही भाजी आहे की शेवाळ. उद्याचा दिवस बघतो. नाहीतर कोबी. कोबी निदान आकार सोडत नाही."

त्या दिवशीही सासूबाईंनी मला नेहमीसारखं थबथबतं पांघरलं. दिवेलागणीला सूनबाईने माझ्याखालून ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि तो तिथेच ठेवला.

"आई, तापलीय ही."

"ओल्या गोणीखाली कशी तापेल?"

"हात तर घाला."

सासूबाईंनी हात घातला. मग स्वतःच माझं एक टोक धरून मला बाजूला केलं.

सूनबाईने सगळ्या जुड्या बाहेर काढल्या, झटकल्या, खाटेवर मोकळ्या पसरल्या. थंड झाल्यावर त्या सैलसर भरल्या. एका टोपलीच्या दोन टोपल्या झाल्या. मग तिने मला उचललं आणि पिळलं. माझ्यातून निघालेलं पाणी पाहून माझी मलाच लाज वाटली.

"अगं, कोरडी ठेवून मारशील भाजीला."

"वर पाणी, आत वारा नाही, म्हणून तापून सडते. बुडून मरतेय ती, आई. रोज."

दुसऱ्या दिवशी आचाऱ्याने वरची जुडी पाहिलीच नाही. थेट तळाशी हात घातला. सूनबाई उगीच छपराचे पत्रे न्याहाळत उभी राहिली. त्याने तळची जुडी काढली, उलटी धरून झटकली. पाला जागच्या जागी. साठात तीन वाईट निघाल्या.

"मग कोबी?" सूनबाईने विचारलं.

"कोबीला कोण विचारतंय. उद्या जरा लवकर या."

सासूबाईंनी चूक कबूल केली म्हणता? छे. आता त्या बाजारभर सांगतात, "गोणी नुसती दमट हवी, मी पहिल्यापासून ओरडतेय." सूनबाई मान डोलावते. पण रोज भाजी झाकण्याआधी दोघी मला दोन टोकांना धरतात आणि उलट्या दिशांनी पिळतात. त्या दोघींचं इतकं एकमत मी दुसऱ्या कशावर पाहिलेलं नाही.

म्हणून कबुली मीच देते. वरच्या जुड्यांचं कौतुक ऐकत मी कितीतरी वर्षं खालच्या जुड्या नासवल्या. मित्रांनो, माझी एखादी बहीण कुठे पालेभाजीवर पसरलेली दिसली, तर तिच्याखाली हात घालून बघा. ऊब लागली तर भाजी मोकळी करा आणि तिला पिळा, चांगला जोर लावून. ती कुरकुरेल. लक्ष देऊ नका. मीही दोन दिवस कुरकुरले होते.