किनारीवरची तीन अक्षरं

मी एक जुनं चिलखत आहे. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठी झालेल्या घनघोर लढाईत मी छातीवर घाव झेलले आहेत, रक्ताने न्हालो आहे आणि शत्रूच्या भाल्यांपुढे एक पाऊलही मागे घेतलेलं नाही.

मित्रांनो, यातलं सगळं खरं आहे. फक्त मी स्कॉटलंडच्या विरुद्ध बाजूने लढत होतो, रक्त साखरेच्या पाकाचं होतं आणि मी लोखंडाचा नसून सुतळीचा आहे. पाऊल मागे घेतलं नाही, कारण चिलखताला पाय नसतात.

माझा जन्म उत्तरेच्या किनाऱ्यावर, पोर्टलेनन नावाच्या कोळ्यांच्या गावात झाला. त्या वर्षी तिकडे एक सिनेमा कंपनी आली होती. सातशे वर्षांपूर्वी एका डोंगरी सरदाराने इंग्रज राजाविरुद्ध बंड केलं, त्याची गोष्ट. त्यासाठी राजाचे चारशे शिपाई उभे करायचे होते, आणि प्रत्येकाच्या अंगात लोखंडी कड्यांचं चिलखत हवं होतं. खऱ्या लोखंडात माणूस चहाच्या वेळेपर्यंत आपसूकच कोसळतो. त्याला मारायला कोणी लागत नाही. म्हणून कंपनीने गावातल्या बायकांना सुतळीची रिळं वाटली. जाड सुयांवर विणायचं आणि वरून चंदेरी रंग फवारायचा. सहा पावलांवरून ते हुबेहूब लोखंड दिसतं. सहा पावलांच्या आत आलं, की सुतळी दिसते. म्हणून कॅमेऱ्याने सहा पावलांच्या आत यायचं नाही, असा कंपनीचा नियम होता.

मला विणलं एल्सपेट मेअरने. साठीची, सडपातळ बाई. कमरेला घोड्याचे केस ठासून भरलेला चामडी पट्टा, त्यात एक सुई खोचलेली, आणि नजर खिडकीबाहेरच्या पाण्यावर. हातांकडे ती बघतच नसे. त्या हातांनी आयुष्यभर कोळ्यांचे स्वेटर विणले होते, आणि घोटाळा तिथेच झाला.

त्या किनाऱ्यावर स्वेटरच्या खालच्या किनारीत घालणाऱ्याच्या नावाची अक्षरं विणतात. हौस म्हणून नव्हे. समुद्र आधी चेहरा खातो आणि लोकर शेवटी. आठ-पंधरा दिवसांनी कोणी परक्या किनाऱ्याला लागलं, तर तिथल्या लोकांना कळावं की हा कुठला, कोणाचा. ही रीत खरंच तशी आहे की नंतर कोणी रचलेली गोष्ट आहे, यावर विद्वान वाद घालतात. पोर्टलेननमध्ये तो वाद कोणी घालत नाही.

एल्सपेटने मला विणत विणत किनारीपर्यंत आणलं, आणि हातांनी आपल्या सवयीने तीन अक्षरं विणून टाकली. डी, एम, एस. डॉड मेअर शाय. गावात डॉड मेअर नावाचे चार जण होते, म्हणून घराण्याचं टोपणनाव पुढे लावावं लागे. शाय म्हणजे लाजाळू. डॉड अजिबात लाजाळू नव्हता. आजोबा होते.

डॉड तिचा एकुलता एक मुलगा. वीस वर्षांपूर्वी पाच जणांची होडी बुडाली. चौघे सापडले, डॉड नाही. त्या दिवशी त्याच्या अंगात दुकानातून आणलेला स्वेटर होता. आईचा टोचतो, म्हणायचा. महिन्याभराने दूर ऑर्कनीच्या एका बेटावर कोणीतरी वाहत आलं होतं, अंगात दुकानातला स्वेटर. तसले स्वेटर हजारो. ज्याची ओळखच पटली नाही, त्याला तिथल्या लोकांनी बिननावाचं पुरलं. आणि ज्याची ओळख पटली नाही त्याचं नाव थडग्याच्या दगडावर कोरायचं नाही, असं पोर्टलेननमध्ये धरून चालतात. मेअर कुटुंबाच्या दगडावर डॉडच्या बापाच्या नावाखाली एक हात मोकळी जागा वीस वर्षं तशीच होती.

अक्षरं विणून झाल्यावर एल्सपेटने प्रथमच माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टाके बंद केले.

चिलखतं तपासायला लंडनहून मिस पॉम्फ्रेट आली होती. शिस्तीची बाई. किनारीवरून बोट फिरवत ती म्हणाली, "इथे टाके चुकलेत."

"चुकलेले नाहीत," एल्सपेट म्हणाली.

"बाकी सगळी एकसारखी आहेत. एवढा भाग उलगडून द्या."

"चूक असेल तर उलगडते. ही चूक नाही."

मिस पॉम्फ्रेटने वहीत 'चूक' असं लिहिलं आणि मला मागच्या रांगेसाठी ठेवलं. तो शब्द पुढे आयुष्यभर माझ्या मागे लागेल, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं?

मागच्या रांगेत मी वॉटी स्लेटरच्या अंगावर चढलो. वॉटी गावातलाच. मासे संपले म्हणून सरकारने होड्या कमी केल्या, तेव्हा त्याची होडी त्याच्यासमोर करवतीने कापली होती. तेव्हापासून तो मिळेल ते काम करी आणि बटाट्याचं सूप पीत जगाला नावं ठेवी. चिलखतांच्या ढिगात त्याच्या पोटावरून खाली उतरणारा मी एकटाच निघालो.

लढाई सहा आठवडे चालली. रोज सकाळी दहाला समुद्रावरून धुकं येई. दिग्दर्शक म्हणे, हे धुकं खोटं वाटतं. ते जाईपर्यंत थांबू आणि मशीनने खरं सोडू. मग मशीनच्या धुक्यात वॉटी पडे. तोंडावर पडे, कारण तसा हुकूम होता. त्या सहा आठवड्यांत मी दीडशेवर वेळा मेलो असेन. माझं कौतुकही झालं. चिलखत झकास पडतं, असं एक सहायक एकदा म्हणाला होता.

एका संध्याकाळी माझ्या कुशीची नाडी ओली होऊन तिला अशी गाठ बसली, की सुटेना. कपडेवाले निघून गेलेले, शेवटची बस सुटायला आलेली. वॉटी तसाच, राजाचा शिपाई होऊन, बसमध्ये बसला. ड्रायव्हरने तिकीट फाडताना नुसतं विचारलं, "एकट्याचंच? बाकीचं सैन्य मागून येतंय का?"

गावात गाठ सोडवायला एल्सपेटखेरीज दुसरे हात नव्हते. वॉटीने तिचं दार वाजवलं.

"काकू, दारात इंग्रज उभा आहे म्हणून घाबरू नका."

"इंग्रज असता तर पाय पुसून आला असता. वळ इकडे."

ती वाकून नाडी सोडवू लागली आणि तिचे हात थांबले. खाली पुढच्या किनारीवर, चंदेरी रंगाच्या थराखाली, तीन अक्षरं होती.

"हे तुला कुठे मिळालं?"

"मागच्या रांगेत. माझ्या पोटाला हेच बसलं." मग वॉटीने मान वाकवून खाली पाहिलं. तो डॉडचा बालमित्र. होडी बुडाली त्या दिवशी त्याचा गाल दाढेने सुजला होता म्हणून तो होडीवर गेला नव्हता, आणि त्याच्या जागी ऐनवेळी डॉड गेला होता. गावात याबद्दल त्याला कधी कोणी बोललं नाही. म्हणूनच तो विसरू शकला नव्हता.

एल्सपेटने गाठ पुन्हा हातात घेतली आणि विचारलं, "यात मरतोस का तू?"

"रोज. काल सात वेळा."

"कसा पडतोस?"

"तोंडावर."

"उद्यापासून पाठीवर पड."

वॉटीने का ते विचारलं नाही. तिने लोणीपाव आणि चहा दिला, तो त्याने उभ्यानेच घेतला. ओल्या चिलखतात तिच्या खुर्चीत बसणं त्याला बरं वाटलं नाही.

लढाईनंतरच्या मृतांचं दृश्य राहिलं होतं. दोनशे प्रेतं चिखलात पसरली, वरून खरा पाऊस. वॉटी पाठीवर पडला. "ए, पोटवाला, तोंडावर," सहायक ओरडला. वॉटी तोंडावर झाला. सहायक पुढे गेला, तसा वॉटी हळूच पाठीवर आला, किनार त्याने तळहाताने सरळ केली आणि मेला. त्याने कुठलं काम इतकं मन लावून केलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

रुळांवरून कॅमेरा आला. माझ्यापाशी थांबला. पावसाने रंग धुपून अक्षरं वर आली होती. कॅमेरामन खाली वाकला आणि म्हणाला, "हे सुंदर आहे. अजून जवळ घेऊ." दोन पावलं. मग एक. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो परमोच्च क्षण. नियम वगैरे मला तेव्हा आठवला नाही.

"कॅमेरा थांबला, काकू," वॉटीने तिला सांगितलं. "अक्षरांवर थांबला. सगळ्या जगाला दिसणार."

"सगळ्या जगाशी मला काय करायचंय," ती म्हणाली.

सिनेमा यायला वर्ष लागलं. एल्सपेट ज्या पंथाची, त्यात सिनेमा बघणं पाप. तिने जन्मात सिनेमाघराची पायरी चढली नव्हती. पंथाचे दोन वडीलधारे तिला समजवायला आले. मी तिथे नव्हतो, पण वॉटीने हे पुढे इतक्यांदा सांगितलं, की मला तोंडपाठ आहे.

"एल्सपेट, या वयात तमाशे बघायला चाललीस?"

"मी तमाशा बघायला चालले नाही. ओळख पटवायला चालले आहे."

वडीलधाऱ्यांनी टोप्या उचलल्या आणि ते निघून गेले.

पहिल्या खेळाला कंपनीने जाहिरात म्हणून चार शिपाई एल्गिन शहरातल्या सिनेमाघराच्या दाराशी उभे केले होते. त्यातला एक वॉटी, म्हणजे मीही. खेळ सुरू झाल्यावर तो मला अंगावर तसाच ठेवून एल्सपेटच्या शेजारी जाऊन बसला. तिने चर्चची काळी टोपी घातली होती आणि पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, शवागाराबाहेर बाकावर बसावं तशी.

तीन तास. सरदार घोड्यावरून बोलला, पायी बोलला, मरतानाही बोलला. लढाई झाली. धुकं झालं. आणि मग मृतांच्या मैदानाच्या जागी सरदाराचा चेहरा आला. पुष्कळ वेळ चेहराच. मैदान नव्हतंच. मला वॉटीच्या छातीचे ठोके आतून लागत होते. त्याला कळलं, मला कळलं. तिला कसं कळावं? तिने सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. ती वाट बघत होती.

शेवटी कुठल्याशा दुसऱ्याच प्रसंगात, दूर, काळोख्या टेकडीवर, दहा-बारा प्रेतांचा ढीग दोन क्षण दिसला. वॉटीने बोट केलं.

"तो बघा, काकू. डावीकडचा."

ती पुढे झुकली. तेवढ्यात ढीग गेला. एल्सपेट मेअरला चाळीस पावलांवरून आपला टाका आणि शेजारणीचा टाका वेगळा ओळखता येई, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वॉटीलाही.

"हो," ती म्हणाली. "तोच."

आणि अंधारात तिचा हात माझ्या किनारीवर आला. बोट पहिल्या अक्षरावरून गेलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एकदा, पुन्हा एकदा. वॉटी पडद्याकडे बघत राहिला. सिनेमा संपेपर्यंत तिने हात काढला नाही. शेवटी नावांची लांबलचक यादी आली; घोड्यांना चारा देणाऱ्यांचीही नावं होती. विणणाऱ्यांची नव्हती. तिने ती पूर्ण वाचली.

दाराशी मिस पॉम्फ्रेट कपडे गोळा करत होती. ती वॉटीला म्हणाली, "तुमचा तो तुकडा फार जवळून घेतला होता. मोठ्या पडद्यावर स्वेटर दिसत होता. कापावाच लागला."

"स्वेटरच होता," वॉटी म्हणाला आणि मला काढून तिच्या हातात दिलं. एल्सपेटने मला मागितलं असतं तर? तिने मागितलं नाही. कपडे कंपनीच्या मालकीचे होते, आणि परक्याची वस्तू मागायची तिला सवय नव्हती.

पुढच्या महिन्यात मेअरांच्या दगडावर मोकळ्या जागी एक नाव कोरलं गेलं. 'ओळख पटली' एवढंच तिने वडीलधाऱ्यांना सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यानंतर चार वर्षांनी दगडावर आणखी एक नाव आलं, तिचं.

मी तेव्हा एका गोदामात पेटीत होतो. अकरा वर्षं. माझा डावा खांदा उंदरांनी नेला. मग कोणा किल्ल्यातल्या संग्रहालयाने सिनेमाच्या जुन्या वस्तू मागवल्या आणि मी काचेत आलो. वॉटी वर्षातून एकदा येतो. काचेला नाक लावून खालची किनार बघतो आणि जाताना तिथल्या कर्मचाऱ्याला सांगतो, "पाटीवर चुकीचं लिहिलंय." कर्मचारी नम्रपणे सूचनावहीत नोंद करतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मला सांगायचं आहे. फेकण्याआधी, पेटीत कोंबण्याआधी, निदान एकदा उलटवून त्यांची किनार बघा. तिथे काही वेगळं दिसलं, तर लगेच त्याला नाव देऊ नका. आधी विचारा, हे कोणी केलं, आणि कोणासाठी.

वॉटीची सूचना गेल्या वर्षी मंजूर झाली. पाटी नवीन छापली आहे, मजकूर तोच, फक्त लांबूनही वाचता यावी म्हणून अक्षरं मोठी केली आहेत: 'राजाच्या शिपायाचे चिलखत. सुतळी व रंग. विणणारी व्यक्ती अज्ञात. खालच्या किनारीत विणकामाची चूक.'