आईला सगळंच छान

कामणच्या गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर यतीनच्या विनाचालक गाडीने सकाळपासून सहा फेऱ्या मारल्या होत्या, आणि सहाही फेऱ्यांत यतीनचं डोकं फिरलं होतं. म्हणे माणसाचा स्वभाव ओळखून चालणारी गाडी! फेरी संपली की गाडी विचारायची, प्रवास कसा झाला? 'हळू' म्हटलं की पुढच्या फेरीला ती सावकाश जायची. 'छान' म्हटलं की तिला वाटायचं, झेपतंय माणसाला, थोडं अजून पळवू. आज संध्याकाळपर्यंत एका वयस्क माणसाला तिने सांभाळून नेलं नाही, तर सोमवारी प्रकल्पाला टाळं लागणार होतं. या गाडीपायी यतीन दोन वर्षं धड जेवला नव्हता.

वयस्क माणूस म्हणून त्याने स्वतःच्या आईलाच आणलं. सावित्रीबाईंची कंबर दुखरी, तेव्हा परीक्षा चोख होईल असं त्याला वाटलं. तिथंच चुकलं.

सातव्या फेरीला गाडी गतिरोधकावरून उडून आली आणि गचकन थांबली. आई पांढरीफटक.

"प्रवास कसा झाला?" गाडीने विचारलं.

"छान हो, अगदी छान," आई म्हणाली.

"आई! कंबर दुखतेय ना तुझी?"

"दुखते थोडी. त्यात गाडीचा काय दोष?"

"गाडीचाच दोष आहे! अगं, तू हळू म्हण, ती हळू होईल. तिला राग येत नाही."

आईने लांब उभ्या असलेल्या यतीनच्या वरिष्ठ हेमांगी मॅडमकडे चोरून पाहिलं. "त्यांच्यासमोर तुझ्या गाडीला नावं ठेवू? काहीतरीच तुझं."

यतीन खिडकीत डोकं घालून स्वतःच ओरडला, "हळू! हळू!" गाडी ढिम्म. प्रवाशाखेरीज कोणाचंही ऐकायचं नाही, हा नियम त्यानेच भांडून घालून घेतला होता. घ्या आता!

नवव्या फेरीला वळणावर आईचा चष्मा उडून पडला. तरीही छानच. हेमांगी मॅडमनी लॅपटॉप मिटला. "सोमवारी बोलू, यतीन."

यतीनला रडू फुटेल इतका संताप आला. पण तो काढायला समोर आईच होती, म्हणून त्याने चष्मा पुसून तिच्या हातात दिला आणि माणिकपूरला घरी जायला रिक्षा थांबवली.

पहिल्याच खड्ड्यात रिक्षा आदळली आणि आई कडाडली, "अरे ए, हळू चालव की! म्हाताऱ्या माणसाची कंबर मोडतोस काय?"

"सॉरी मावशी," म्हणत रिक्षावाल्याने वेग कमी केला. पुढचे सगळे खड्डे त्याने जपून काढले.

यतीन आईकडे बघतच राहिला. "हेच, एवढंच तिथं बोलायचं होतं, आई!"

"त्याला काय होतंय बोलायला?" आई कंबर दाबत म्हणाली. "तो काय माझा मुलगा आहे?"