जिताड्याचा वाटा

"वयनी, जिताडा हाय. रसा प्या, तोंडाला चव येल," म्हणत येसाजीने झाकलेला टोप चुलीपाशी ठेवला.

बनुबाई चार दिवस तापाने पडून होती. नवरा गेल्यापासून धाकटा दीर वर्षातून दोनदा उंबरा चढला तरी खूप. तिला भरूनच आलं. "रक्ताचं माणूस ते रक्ताचंच गो," ती भिंतीला म्हणाली, आणि माशाचं मुंडकंसुद्धा चोखून खाल्लं.

सकाळी ताप उतरला, तशी ती खारात, खाडीकाठच्या भातशेतात गेली. महाडच्या खालच्या अंगाला सावित्रीची खाडी पसरट होते; ओहोटीला नुसता चिखल, उधाणाला पाणी थेट बांधाला. हा बांध तिच्या नवऱ्याने आणि येसाजीने मिळून घातलेला. बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाण्याच्या दाराच्या, फळ्या भरतीला घालायच्या, ओहोटीला काढायच्या, हे काम साऱ्या गावाने येसाजीवर सोपवलेलं. बनुबाईचं भात उघाडीला लागून, सगळ्यात सखल. येसाजीचं वर, आडबांधापलीकडे.

निसवलेलं भात पिवळं पडून पाण्यात उभं होतं. तिने ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. खारट! आता दोन-तीन पावसाळे धुतल्याशिवाय इथे गवतही उगवायचं नाही.

उघाडीच्या तोंडाशी येसाजी जाळं सोडवत होता.

"फळी कुजली व्हती वयनी. उधाणानं उचलली."

फळ्या बांधावर होत्या. कोरड्या ठणठणीत, एकीवर एक.

"उधाण फळ्या रचून ठेवतं व्हय रे?" भावजी म्हणायचं तिच्या तोंडून राहूनच गेलं. "मी तापानं पडली, ता बघून पाणी घेतलंस? मासं धरायला?"

येसाजीने मान वर केली नाही. "तुमाला नाय का धाडला वाटा?"

मेल्याने बनुबाईच्याच भातात धरलेला मासा तिलाच खाऊ घातला होता, आणि तिने मिटक्या मारल्या होत्या! शिव्या ओठांवर आल्या, पण रडू आधी येईल म्हणून ती वळली.

घरी टोप घासून पालथा घातलेला होता. आलेलं भांडं रिकामं परत धाडू नये, मूठभर तांदूळ तरी घालावेत, ही तिच्या सासूची शिकवण. टोप घेऊन ती पुन्हा खारात उतरली.

येसाजीच्या दारात त्याची बायको रंगूबाई भांडी घासत होती.

"बाय, काय आणलंव?" तिने झाकण काढलं. आत पिवळ्या, पोचट लोंब्या होत्या. खारं पाणी निथळत होतं.

"तुमचा वाटा," बनुबाई म्हणाली, आणि पदराने हात पुसत घराकडे निघाली.