पिवळं रानजवस

बाबांनी गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू ठेवला, आणि वर मलाच सुनावलं की तुझ्या शेगडीची बटणं उलटी फिरतात. आई गेल्यावर मी त्यांना पुण्याहून इकडे परदेशात, माझ्याकडे पॉइंट कुकला आणलं होतं. आता ते परत जायचं म्हणत होते, एकटे राहायला. मी साफ नाही म्हणाले.

"माझं डोकं शाबूत आहे," बाबा म्हणाले. "कुठलंही झाड दाखव. ओळखता आलं नाही तर इथंच राहीन. आलं, तर तिकीट काढायचं."

त्यांनी जन्मभर कॉलेजात बॉटनी शिकवली. म्हणजे परीक्षा त्यांची आणि विषयही त्यांचाच. पण हट्टीपणात मी त्यांचीच मुलगी, तयार झाले. माझा नवरा मिहिर म्हणाला, "चिल, विनी. ही इज फाइन. पास होतील बघ."

आमच्या वसाहतीमागच्या माळावर गवतात एक बारकं पिवळं फूल येतं. मी आदल्या दिवशी अ‍ॅपवर बघून ठेवलं होतं: फ्रेंच फ्लॅक्स, युरोपातून इथं आलेली जवसाची रानटी जात. बाबांनी ती कधी पाहिलेली नसणार. पेपर मुद्दाम अवघड काढला, पण खरं सांगते, त्यांनी पास व्हावं असंच मला वाटत होतं.

सकाळी बाबा माळावर गुडघे टेकून बसले आणि भिंग काढलं.

"पानं अरुंद, एकाआड एक. पाकळ्या पाच, हात लागला की गळतात." एक सुकं बोंड चुरून त्यांनी दाणे तळहातावर मोजले. "दहा. जवसाचंच कुळ. पण जवस फुलतं निळं. हे पिवळं, म्हणजे रानजवस."

आपल्याकडचं पिवळं रानजवस वेगळं, पण याचं अगदी जवळचं भावंड. मी पूर्ण मार्क दिले. इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तिकिटं बघायला मी तिथंच फोन काढला.

बाबा उठले, पँट झटकली आणि माळभर नजर फिरवली.

"या पठारावर हे दरवर्षी सापडतंच," ते म्हणाले. "बाकीची मुलं कुठं राहिली? बोलाव त्यांना. शेवटची एसटी चुकली तर सासवडला मुक्काम करावा लागेल."

ते थट्टा करत नव्हते. उशीर करणाऱ्या विद्यार्थिनीकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते.

मी फोन पर्समध्ये ठेवला.

"येतायत, सर," मी म्हणाले आणि त्यांचा हात धरून गाडीकडे निघाले.