औषध, श्रीखंड आणि पहिलं पान

साल दोन हजार बावीस. मित्रांनो, मी देवासच्या एका रुग्णालयातला जुना फ्रीज आहे. नवा असताना माझ्यात लशी ठेवत, परिचारिका मला रोज पुसत. पुढे मला बैठकीच्या खोलीत हलवलं. तिथे नैतिकता समिती बसायची. नवं औषध माणसांना देऊन पाहण्याआधी त्यांना अपाय तर होणार नाही ना, हे तिने तपासायचं. काम मोलाचं, पण करण्याची रीत पाहून मला शिसारी येई.

त्या वर्षी डॉक्टर उर्वशीने माझ्यात इंजेक्शनचे डबे ठेवले. कमी मात्रेनेही मुलांच्या सांध्यांची सूज उतरते का, हे तिला पाहायचं होतं. धरमपुरीचे नावाडी मालोजी लेकीला, कृतिकेला, घेऊन दाराशी बसत. गुडघे आखडण्याआधी तिला औषध हवं होतं.

अध्यक्ष नीलकंठराव अर्ज पोथीसारखा मोठ्याने वाचत. घरून कुणीच वाचून येत नसे. अर्ध्यावर धारहून समितीचे सदस्य मोरोपंत उगवत.

"कुठवर आलं?"

"तुम्ही आलात ना, आता पहिल्यापासून!"

पुन्हा पहिलं पान. मग जेवण. औषधाच्या डब्यांवर ठेवलेलं श्रीखंड बाहेर निघे, ओघळ डब्यांवर तसेच राहत. शी!

"काका, घरून वाचून या ना," उर्वशी नीलकंठरावांना म्हणाली.

"एकट्याने वाचलं तर ते वाचन कसलं?"

मोरोपंत हसले. "घाई काय डॉक्टरीणबाई, बारात निघालीये का?"

"साहेब, पोरगी पायरी चढेना हो," मालोजी दारातून म्हणाले. कुणी मान वळवली नाही.

देवासची मंजुरी मिळाली. मुलं धार जिल्ह्यातली, म्हणून तिथल्या समितीतही सारं वाचायचं. तिथले अध्यक्ष मोरोपंतच!

"तुम्ही तर सगळं ऐकलंय," उर्वशी म्हणाली.

"इथे ऐकलं ते इथलं. तिथला मी वेगळा, भिया!" माळव्यात भावाला मारतात तशी हाक मारून मोरोपंत म्हणाले.

तिथली मंजुरी आली तेव्हा माझ्यातल्या औषधाची मुदत संपली होती. नवं आलंच नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही अशा समितीवर बसलात तर घरून वाचून या. एकाने नीट तपासलेलं दुसऱ्याने मानावं. डोळे मिटून सही करू नका, पण रेंगाळण्याला काळजी म्हणू नका.

नीलकंठराव सत्कार घेऊन निवृत्त झाले. मोरोपंत आता दोन्हीकडे अध्यक्ष आहेत. उर्वशी राजगढला दवाखाना चालवते, संशोधनाचं नाव काढत नाही. मी व्हरांड्यात पाण्याच्या बाटल्या गार करतो. आणि मालोजी कृतिकेला उचलून नावेत बसवतात. तिचे गुडघे आता सरळ होत नाहीत.